दृढीकरणानंतरची चाळीस वर्षे

नाशिकमधल्या कुठल्याही प्रोटेस्टंट मंडळीचे किंवा कॅथलिक धर्मग्रामाचे वर्षाचे वेळापत्रक उघडून पाहा. लहानांसाठी रविवार शाळा, मे महिन्यात सुट्टीतली बायबल शाळा, मग पहिल्या कम्युनियनची, म्हणजे प्रभुभोजनाची, तयारी, चौदा-पंधराव्या वर्षी दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्म्यातला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीचा, वर्ग. लग्न ठरले की दोन-तीन दिवसांचे विवाहपूर्व मार्गदर्शन. त्यापुढे शिकण्याचा रकाना कोरा. रविवारची उपासना आहे, महिला मंडळ आहे, घरोघरच्या प्रार्थना आहेत, उपवास प्रार्थना आणि कन्व्हेन्शन आहेत, फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. हे सगळे हवेच. पण यातल्या एकाही ठिकाणी पन्नाशीचा माणूस हात वर करून "हे मला समजले नाही" असे म्हणू शकत नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे: प्रौढांसाठी किमान दोन वर्षांचा, लहान गटात चालणारा, वाचन आणि साधना दोन्ही शिकवणारा मराठी वर्ग हा प्रत्येक मंडळीचा नियमित कार्यक्रम असावा, आणि रविवार शाळेइतकाच हक्काने त्याला खोली, पैसा आणि माणसे मिळावीत. कोणाला हौस असेल तर चालवा, ही भूमिका आता पुरेशी नाही.

पंधराव्या वर्षी पाठ केलेली उत्तरे पंधराव्या वर्षाच्या प्रश्नांची असतात. पुढे सातपूर-अंबडच्या कारखान्यात कंत्राटी नोकरी जाते, द्राक्षबागेवर गारपीट होते आणि सोसायटीचे कर्ज उभे राहते, मुलगा दुसऱ्या धर्माच्या मुलीशी लग्न ठरवून येतो, आईला स्मृतिभ्रंश होऊन ती घरच्यांनाच ओळखेनाशी होते. या प्रसंगांत "देवाची इच्छा" हे दोन शब्द पुरत नाहीत, आणि ते दोनच शब्द हाताशी असले की माणूस एक तर गप्प होतो, नाही तर मोबाइलवर जो कोणी सर्वांत मोठ्या आवाजात बोलतो त्याच्याकडे जातो. आजाराचे कारण अविश्वास, गरिबीचे कारण कमी दान, असे सांगणारे प्रचारक रात्री अकरा वाजताही उपलब्ध असतात. मंडळीचा वर्ग मात्र उपलब्ध नसतो.

प्रवचन हे काम करू शकत नाही. वीस-पंचवीस मिनिटे एकाने बोलायचे आणि दीडशे जणांनी ऐकायचे, हा त्याचा स्वभाव आहे आणि उपासनेत तो योग्यही आहे. पण प्रौढ माणूस शिकतो ते आधीच्या अनुभवाशी नवे ताडून पाहत, अडून, विचारून, स्वतःच्या शब्दांत मांडून. पिंपळगाव किंवा दिंडोरीकडच्या गटात योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय वाचला, तर ऑक्टोबरची गोडी छाटणी केलेल्या माणसाला त्यातल्या द्राक्षवेलाबद्दल आणि माळ्याबद्दल जे सांगता येते ते सेमिनरीत शिकलेल्या पाळकाला बहुधा सांगता येत नाही. कुठला फाटा ठेवायचा, किती डोळ्यांवर कापायचे, चुकीचा काप घेतला तर वर्ष कसे जाते, हे ज्ञान गटात आधीपासून बसलेले असते. प्रवचनात ते ऐकणाऱ्याच्या पोटातच राहते.

चर्चच्या परंपरेला यात नवे काही नाही. तिसऱ्या शतकातल्या, हिप्पोलिटसच्या नावावर असलेल्या नियमावलीत बाप्तिस्म्याआधी तीन वर्षे वचन ऐकावे असे सांगितले आहे, आणि ती माणसे प्रौढ होती. मार्टिन ल्यूथरने १५२९ साली लहान प्रश्नोत्तरी काढली ती घरच्या कर्त्याने घरात शिकवावी म्हणून. म्हणजे कर्त्याला आधी ती कळायला हवी होती. जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट चळवळीत १७४२ पासून साधारण बारा जणांचे वर्ग सुरू झाले. दर आठवड्याला भेटायचे आणि आत्मिक जीवन कसे चालले आहे ते एकमेकांना सांगायचे. कॅथलिक चर्चच्या १९७१ च्या धर्मशिक्षणविषयक मार्गदर्शिकेने तर प्रौढांचे शिक्षण हा धर्मशिक्षणाचा मुख्य प्रकार ठरवला, आणि पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, प्रौढांच्या ख्रिस्ती दीक्षेचा टप्प्याटप्प्याचा विधी पुन्हा अमलात आला. कागदावर मुख्य असलेला हा प्रकार आपल्याकडे वेळापत्रकातही नाही.

शेजारी पाहिले तरी हेच दिसते. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेला येणारा वारकरी शाळा किती शिकला ते कोणी विचारत नाही, पण हरिपाठाचे सत्तावीस अभंग त्याच्या तोंडी असतात, गावात पारायणाचा सप्ताह बसतो, आणि कीर्तन-प्रवचन नीट शिकायचे तर जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत काढलेली वारकरी शिक्षण संस्था आहे. शिकण्याचे वय संपते अशी कल्पनाच तिथे नाही. आणि ज्या शहरात १९८९ पासून मुक्त विद्यापीठ उभे आहे, शाळा सुटलेल्या गृहिणींना आणि कामगारांना पुन्हा पुस्तकाकडे आणणे हेच ज्याचे काम, त्या शहरातल्या मंडळ्यांनी "आता या वयात काय शिकणार" असे म्हणावे, हे पटण्यासारखे नाही.

उदाहरण घरचेच आहे. लक्ष्मीबाई टिळक नाशिकजवळच्या जलालपूरच्या. लग्नानंतर अक्षरओळख झाली. १८९५ मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या त्यांच्या मागून गेल्या नाहीत. सोवळे सुटायला, प्रश्न संपायला, स्वतःची खात्री व्हायला वर्षे लागली, आणि मग त्यांनी स्वतःच्या पायांनी तो निर्णय घेतला. टिळकांचे ख्रिस्तचरित्रावरचे अपुरे महाकाव्य पुढे त्यांनीच पूर्ण केले. संथपणे, अडखळत, घरात आणि संसारात झालेले हे प्रौढ शिक्षणच होते.

आता वर्ग कसा चालवावा, याबद्दल. बहुतेक प्रयत्न दुसऱ्या महिन्यात बंद पडतात आणि त्याची कारणे ठरलेली आहेत.

गट आठ ते बारा जणांचा. बारावर गेला की दोघे-तिघे बोलतात आणि बाकीचे श्रोते होतात. सहाखाली आला की दोघे गैरहजर राहिले तरी वर्ग पडतो. बैठक नव्वद मिनिटांची, आणि ती ठरल्या वेळी संपली पाहिजे. सुरू व्हायला दहा मिनिटे उशीर लोक सोसतात, पण संपायला उशीर झाला की पुढच्या आठवड्यात येत नाहीत. घरोघर फिरता वर्ग ऐकायला आपुलकीचा वाटतो, पण दोन अडचणी येतात. एका घरी पोहे झाले की दुसऱ्या घरी वडा-सांबार होतो, तिसऱ्या घरची बाई त्या ओझ्याने आजारी असल्याचा निरोप पाठवते. आणि ज्याचे घर एका खोलीचे आहे तो वर्गात नावच देत नाही. म्हणून जागा रविवार शाळेच्या खोलीची, आणि शेवटी फक्त चहा.

वेळेबाबत संध्याकाळी सात हा आपला लाडका आकडा आहे, पण ती स्वयंपाकाची वेळ आहे. सातचा वर्ग म्हणजे बायकांना न बोलावण्याची सभ्य रीत. कामगारांच्या पाळ्या आठवड्याला बदलतात. म्हणून एकच पाठ आठवड्यातून दोनदा घ्यावा: शनिवारी दुपारी तीनला आणि बुधवारी रात्री साडेआठला. ज्याला जे जमेल त्याने तिथे बसावे. गटाची सलगता थोडी बिघडते हे खरे, पण पाळीमुळे दर तिसऱ्या आठवड्याला गळणारा माणूस टिकतो.

हंगामाचा विचार तर कोणी करतच नाही. उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थान दिनापर्यंत, अभ्यासवर्ग ठेवण्याची जगभरची पद्धत आपण उचलली. पण फेब्रुवारी-मार्च हे निफाड-दिंडोरीत द्राक्षकाढणीचे दिवस, पाठोपाठ उन्हाळ कांदा, आणि घरात दहावी-बारावीची परीक्षा. त्या दिवसांत गावाकडे वर्ग ठेवणे म्हणजे रिकाम्या खुर्च्यांना शिकवणे. बागायती पट्ट्यात जुलै-ऑगस्ट सोयीचे. पेठ, सुरगाणा, इगतपुरीत भाताची लावणी उरकल्यावर, ऑगस्टच्या मध्यापासून. शहरात जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करून नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या आत संपवले, दिवाळीचा आठवडा सोडला, तर वीस बैठका आरामात होतात. उपवासकाळ मग साधनेला मोकळा राहतो. रविवार वगळून चाळीस दिवस, घरीच, रोज पंधरा मिनिटे.

पहिल्या वर्षी मार्काचे शुभवर्तमान आणि स्तोत्रे. पहिल्या बैठकीत मार्काचे सोळा अध्याय सलग मोठ्याने वाचावेत. दीड तास लागतो. आपल्या पन्नास वर्षांच्या उपासनेत ते शुभवर्तमान कधीच सलग ऐकले नव्हते, हे लोकांना त्या दिवशी कळते. पुढे पंधरा बैठका: दुसरा-तिसरा अध्याय एकत्र, कारण तिथले वाद एकाच माळेतले आहेत, चौदावा फार मोठा, त्याला दोन बैठका, पंधरा-सोळा पुन्हा एकत्र. सोळाव्या अध्यायाशी पोचल्यावर एक गोष्ट लपवू नये. चौथ्या शतकातली सिनायटिकस आणि व्हॅटिकानस ही हस्तलिखिते आठव्या वचनापाशी संपतात, पुढची वचने नंतरची मानली जातात. "हे सांगितले तर लोकांचा विश्वास डळमळेल" असे काही पाळकांना वाटते. त्यांची काळजी खोटी नाही. पण ही माहिती आज एका क्लिकवर आहे आणि ती बहुधा टिंगलीच्या सुरात भेटते. ती प्रथम आपल्या माणसांत, प्रार्थनेच्या खोलीत, वडीलधाऱ्या शेजाऱ्याच्या बाजूला बसून कळली तर माणूस तिला पेलतो. कबर रिकामी आहे आणि स्त्रिया घाबरून पळाल्या, तिथेच थांबणारा शेवट वाचून काही जण अधिक शांत होतात, हेही दिसते.

उरलेल्या चार बैठका विलापाच्या स्तोत्रांना. आपल्या गाण्यांमध्ये स्तुती भरपूर आणि तक्रार फार कमी. स्तोत्रसंहितेत मात्र विलापाची स्तोत्रे इतर कोणत्याही प्रकारापेक्षा जास्त आहेत. तेरावे स्तोत्र सहाच वचनांचे आहे: पहिल्या दोनांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा, मधल्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. याच तीन पायऱ्यांवर प्रत्येकाने आपले स्तोत्र लिहावे किंवा नुसते म्हणावे. सर्वांत मोठी चूक इथे होते. लोक पहिल्या पायरीवर थांबत नाहीत, एका वाक्यात तक्रार उरकून लगेच "पण देव चांगला आहे" म्हणतात. मार्गदर्शकाने तिथे थांबवायचे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे.

दर बैठकीतली शेवटची पस्तीस मिनिटे मननपूर्वक वाचनाची. बाराव्या शतकातल्या गुइगो नावाच्या मठवासीयाने त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना, निवांत सान्निध्य. उतारा बारा वचनांहून मोठा नको. तो एकानेच, आधी तयारी करून, दोनदा वाचावा. आळीपाळीने एकेक वचन वाचण्याची सवय मोडावी, कारण ज्या आजींना वाचता येत नाही किंवा बारीक अक्षर दिसत नाही, त्यांचे सगळे लक्ष आपली पाळी कधी येते याच्या धास्तीत जाते. मग तीन मिनिटे शांतता. सुरुवातीला तीन मिनिटेही जड जातात, कोणी तरी "हालेलुया" म्हणतोच. सहा आठवड्यांत ती दहावर न्यावीत. मग प्रत्येकाने मनात अडकलेला एकच शब्दसमूह सांगायचा, स्पष्टीकरण न देता. दुसऱ्या फेरीत तो या आठवड्यातल्या कशाला जाऊन भिडतो ते. सगळ्यांचे एकदा झाल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलायचे नाही, आणि दुसऱ्याच्या बोलण्यावर वचन फेकायचे नाही. हे दोन नियम मोडले की त्या दिवसापासून तो वर्ग एका माणसाचे प्रवचन होतो.

उपवासकाळातल्या घरच्या साधनेला जेझुइट संघ स्थापणाऱ्या इग्नेशियस लोयोलाची रात्रीची आत्मपरीक्षा पुरते. उपकार आठवणे, प्रकाश मागणे, दिवस तासातासाने पाहणे, क्षमा मागणे, उद्याचा निश्चय करणे. लोक पहिल्या दोन पायऱ्या गाळतात आणि उरते ती पापांची यादी. दहा दिवसांत कंटाळा येतो किंवा अपराधीपणा वाढतो. अंथरुणावर पडून केली तर झोप लागते, म्हणून जेवणाआधी करावी. वही ठेवली तर ती कोणालाही दाखवायची नाही, नवऱ्यालाही नाही.

दुसऱ्या वर्षी प्रेषितांच्या विश्वासांगीकाराला सहा बैठका, आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाला चार, चर्चच्या इतिहासाला चार, आणि जगण्यातल्या प्रश्नांना सहा. इतिहास रोमपासून सुरू करून नाशिकच्या शरणपूर या मिशन वसाहतीपर्यंत आणलाच पाहिजे. नाशिकच्या याच मिशनच्या आश्रयात गुलामीतून सुटलेली आफ्रिकन मुले शिकली. त्यांतला जेकब वेनराइट १८७४ साली आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेला. त्याच इतिहासात २ मार्च १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह आणि १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा यायला हवी. आपल्यातल्या पुष्कळ घरांचे पूर्वज ज्या वस्त्यांतून चर्चमध्ये आले त्याच वस्त्यांचा हा लढा होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, अशी कोंडी सोसणारी माणसे वर्गात असतात. त्यांना पाप-पुण्याचा हिशेब विचारण्याआधी हा कायदा समजावून सांगणे हे शिक्षकाचे काम आहे. आणि चर्चमध्येही लग्ने जुळवताना जात पाहिली जाते, हा विषय पक्षपात करू नका म्हणणाऱ्या याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायासोबत उघडपणे टेबलावर यावा.

चालवायचे कोणी? पाळकांनी किंवा फादरांनी नाही. ते समोर असले की लोक बरोबर उत्तरे देतात, खरी देत नाहीत. शिवाय एका पाळकाकडे अनेक गावे असतात, तो दर शनिवारी कुठे कुठे पुरणार? त्यांनी मार्गदर्शक घडवावेत आणि दर पाचव्या बैठकीला येऊन गटाने लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्यांमधल्या अवघड प्रश्नांना उत्तरे द्यावीत. मार्गदर्शक म्हणून पहिले नाव निवृत्त शिक्षकांचे सुचते, पण त्यांना शिकवल्याशिवाय राहवत नाही. दवाखान्यातली परिचारिका, बचत गटाची अध्यक्षा, युनियनचे काम केलेला माणूस अधिक बरा. बचत गट चालवलेल्या बाईला वेळ पाळणे, सगळ्यांना बोलते करणे, भांडण मिटवणे आणि आतली गोष्ट आत ठेवणे हे आधीच येते. प्रत्येक गटाला असे दोघे हवेत, एक आजारी पडला तर वर्ग थांबू नये म्हणून.

बंगळुरूची १९७१ मध्ये सुरू झालेली, घरबसल्या धर्मशास्त्र शिकवणारी टाफ्टी ही संस्था किंवा धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सेनेटचे बाह्य अभ्यासक्रम यांचा इथे उपयोग होतो. घरी स्वयंअध्ययन, ठरावीक दिवशी एकत्र चर्चा आणि मंडळीत प्रत्यक्ष काम, ही त्या पद्धतीची त्रिसूत्री मार्गदर्शकांच्या तयारीला अगदी योग्य आहे. पण मंडळीतल्या प्रत्येकाला परीक्षा आणि पदवीच्या वाटेवर ढकलू नये. परीक्षेचे नाव काढले की ज्यांना वर्गाची सर्वांत जास्त गरज आहे ते मागच्या दाराने निघून जातात. प्रमाणपत्र देऊ नये, हजेरी मात्र ठेवावी. सलग दोनदा न आलेल्याच्या घरी तिसऱ्या आठवड्याआधी कोणी तरी जावे.

साहित्य फार लागत नाही. मोठ्या अक्षरांची सहा पवित्र शास्त्रे, सोबत फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या सुबोध बायबलच्या दोन प्रती म्हणजे तोच उतारा आजच्या मराठीतही ऐकता येतो, आणि दर बैठकीला एका पानाची झेरॉक्स. व्हॉट्सअ‍ॅपचा गट फक्त वेळ कळवण्यापुरता. त्यावर फॉरवर्ड आले की वर्गातले बोलणे आटते. बैठकीचे रेकॉर्डिंग कधीही करू नये. जिच्या मुलाने आत्महत्या केली ती आई रेकॉर्डिंग चालू असताना त्याच्याबद्दल बोलणार नाही.

हे सगळे बसवायला पास्टरेट कमिटीच्या किंवा धर्मग्राम परिषदेच्या एका बैठकीत तीन ठराव लागतात: शनिवारी दुपारी खोली या वर्गासाठी राखीव, अंदाजपत्रकात प्रौढ शिक्षणाचे स्वतंत्र खाते, आणि चार मार्गदर्शकांची नावे. जुलैत वर्ग सुरू करायचा तर ही नावे मार्चअखेर ठरली पाहिजेत, कारण तयारीला एप्रिल-मेच्या आठ शनिवारांहून कमी वेळ पुरत नाही. त्या आठांपैकी पहिल्या तीन शनिवारी मार्गदर्शकांनी फक्त गटात बसून ऐकायचे आहे, चालवायचे काहीच नाही.